व्योमकेश बक्षी

व्योमकेश बक्षी : बंगाली रहस्यकथावाङ्‌मयातील एक अत्यंत लोकप्रिय काल्पनिक व्यक्तिरेखा. बंगाली कथा-कादंबरीकार शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) ह्यांनी ती निर्माण केली. १९३२ पासून १९७० पर्यंतच्या कालखंडात त्यांनी व्योमकेशच्या एकूण ३२ कथा-कादंबऱ्या पूर्ण केल्या. विशुपाल बध ही ३३ वी कथा त्यांच्या निधनामुळे अपुरी राहिली. व्योमकेश हा गुन्ह्यांचा शोध लावणारा असला, तरी ‘डिटेक्टिव्ह’ वा ‘गोएंदा’ (गुप्तहेर) ही बिरुदे त्याला मान्य नाहीत. तो स्वतःस ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो व त्याच्या घराच्या दारावरील पाटीवरही हाच शब्द आहे. केवळ गुन्हेगारास पकडणे हे त्याचे साध्य नसून, घडलेल्या घटनेच्या मुळाशी असलेले सत्य जाणून घेणे हे आहे, असा ह्या शब्दाचा आशय होय. ह्या भेदामुळेच व्योमकेशकथांना सामान्य गुप्तहेरकथांहून वेगळे असे वाङ्‌मयीन मूल्य प्राप्त झाले.

पार्श्वभूमी : बंगालीतील गुन्हेशोधकथांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. कलकत्त्याच्या (सध्याचे कोलकाता) पोलीस खात्यात नोकरी केलेल्या प्रियनाथ मुखोपाध्याय ह्यांच्या दारोगार दप्तर ह्या मालिकेचे प्रकाशन १८९२ मध्ये सुरू झाले. तीत प्रत्यक्ष तपासातील अनुभवांचा आधार होता. पुढे पांचकडी दे, दीनेंद्रकुमार राय प्रभृतींनी ह्या प्रकारास मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. तथापि त्यांच्या लेखनावर पाश्चात्त्य कथांची दाट छाया होती. पात्रांची नावे देशी असली, तरी कथानकांची घडण बहुधा परकी असे. सुशिक्षित वर्गात ह्या वाङ्‌मयास फारशी प्रतिष्ठा नव्हती. वेळ घालविण्यासाठी वाचावयाचे हलके लेखन, अशीच त्याची गणना होई. संस्कृतप्रचुर, प्रौढ शैलीत ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्या शरदिंदूंसारख्या लेखकाने ह्या प्रकाराकडे वळणे, ही म्हणूनच एक महत्त्वाची घटना होती.

निर्मिती व कालक्रम : शरदिंदूंचा जन्म उत्तर प्रदेशातील जौनपूर येथे झाला. बालपण बिहारमध्ये आणि महाविद्यालयीन शिक्षण कलकत्त्यास झाले. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी काही काळ वकिलीही केली. पण लवकरच तो व्यवसाय सोडून ते पूर्णपणे लेखनाकडे वळले. मृत्युपत्रे, वारसाहक्क, विम्याचे करार ह्यांभोवती गुंफलेल्या त्यांच्या कथानकांत ह्या कायदेविषयक ज्ञानाचा उपयोग झालेला दिसतो.

पथेर काँटा (म. शी. वाटेतील काटा) व सीमांत-हीरा ह्या दोन कथा १९३२ मध्ये लिहून झाल्यानंतर ह्या पात्रावर मालिका लिहिता येईल, असे लेखकास वाटले. तेव्हा त्याच्या परिचयासाठी सत्यान्वेषी ही तिसरी कथा लिहिण्यात आली. रचनेच्या दृष्टीने ती तिसरी असली, तरी कथाक्रमात तिला पहिले स्थान दिले जाते. १९३६ पर्यंत दहा कथा झाल्यावर ही मालिका खंडित झाली. १९३८ मध्ये शरदिंदू ‘बाँबे टॉकीज’ ह्या चित्रपटसंस्थेत पटकथालेखक म्हणून मुंबईस आले व पुढील काही वर्षे चित्रपटव्यवसायात गेली. सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतर, वाचकांच्या आग्रहामुळे त्यांनी चित्रचोर ह्या कथेने व्योमकेशला पुन्हा वाचकांसमोर आणले. १९५२ मध्ये चित्रपटव्यवसाय सोडून ते पुण्यास स्थायिक झाले. कलकत्त्याच्या गल्ल्यांचे इतके जिवंत चित्रण करणाऱ्या उत्तरकालीन व्योमकेशकथांपैकी बहुतेक कथा पुण्यात लिहिल्या गेल्या, ही गोष्ट मराठी वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

व्यक्तिरेखा : व्योमकेशशी अजित बंद्योपाध्याय ह्या तरुण लेखकाची पहिली भेट बंगाली सन १३३१ मध्ये (इ. स. १९२४-२५) झाल्याचे सत्यान्वेषी कथेत सांगितले आहे. कलकत्त्याच्या एका दाट वस्तीत लागोपाठ खून होत असतात. त्यांचा छडा लावण्यासाठी व्योमकेश अतुलचंद्र मित्र हे नाव धारण करून तेथील एका मेसमध्ये राहावयास येतो आणि अजितच्या खोलीत भागीदार होतो. मेसचे मालक अनुकूलबाबू हे होमिओपॅथीचे सौम्य प्रकृतीचे डॉक्टर. कोकेनच्या चोरट्या व्यापाराचा सूत्रधार हाच मनुष्य असल्याचे अखेरीस उघड होते. ह्यानंतर व्योमकेश अजितला हॅरिसन रोडवरील (सध्याचा महात्मा गांधी रोड) आपल्या बिऱ्हाडी राहावयास बोलावतो. पुँटीराम हा नोकर, सकाळचा चहा, सिगारेट व वर्तमानपत्र ह्यांनी भरलेले हे बिऱ्हाड बंगाली वाचकांच्या पूर्ण परिचयाचे झाले आहे. वर्तमानपत्रातील खरी बातमी जाहिरातींत असते, असे व्योमकेशचे मत आहे. पथेर काँटा ह्या कथेतील तपास अशाच एका चमत्कारिक जाहिरातीपासून सुरू होतो.

व्योमकेशच्या पूर्वायुष्याची माहिती आदिम रिपु ह्या कादंबरीत येते. वडील शाळेत गणिताचे शिक्षक, तर आई वैष्णव घराण्यातील. तो सतरा वर्षांचा असताना दोघेही क्षयरोगाने वारले आणि शिष्यवृत्तीच्या आधारे त्याने शिक्षण पुरे केले. गणिती तर्क आणि भावनेचा ओलावा ह्यांचा संगम त्याच्या स्वभावात दिसतो, तो ह्या वारशाशी सुसंगत आहे. त्याच्या दिसण्यात वा वागण्यात विक्षिप्तपणा नाही. धोतर-पंजाबी नेसणारा, संस्कृत व बंगाली साहित्य वाचलेला, थट्टेखोर असा तो मध्यमवर्गीय बंगाली भद्रलोक आहे. रसायनांची प्रयोगशाळा, पिस्तुलांच्या चकमकी, वेषांतराचे चमत्कार ह्यांवर त्याची मदार क्वचितच असते. माणसांशी बोलणे, त्यांच्या बोलण्यातील विसंगती हेरणे आणि मनोव्यापारांचा अंदाज बांधणे, ही त्याची मुख्य साधने होत.

अर्थमनर्थम् ह्या कथेत करालीबाबू ह्या श्रीमंत वृद्धाच्या खुनाचा आळ सुकुमार ह्या तरुणावर येतो. त्याची बहीण सत्यवती हिची व्योमकेशशी ह्याच प्रकरणात ओळख होते आणि पुढे ती त्याची पत्नी बनते. सत्याचा शोध घेणाऱ्यास सत्यवतीच मिळावी, ह्यातील श्लेष लेखकाने जाणून साधला आहे. गुप्तहेर हा अविवाहित व संसारविन्मुख असावा, हा संकेत शरदिंदूंनी येथे मोडला. व्योमकेशला पुढे मुलगा होतो, पतिपत्नींत लटकी भांडणे होतात, दोघा मित्रांचा पुस्तकप्रकाशनाचा व्यवसाय सुरू होतो आणि दक्षिण कलकत्त्यातील केयातला भागात घरही होते. काळाबरोबर नायकाचे वय वाढत जाते व तेविशी-चोविशीतील तरुणाचा प्रौढ गृहस्थ होतो. एका आयुष्याचा असा सलग प्रवास गुप्तहेरमालिकांत विरळाच आढळतो.

कथाविशेष : आरंभीच्या कथांत खुनाच्या अभिनव साधनांचे आकर्षण अधिक आहे. पथेर काँटामध्ये सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन झाडून भर रस्त्यात माणसे मारली जातात. अग्निबाण कथेत आगकाडीच्या धुरातून विषप्रयोग होतो व दुसऱ्यासाठी लावलेला सापळा गुन्हेगाराच्या स्वतःच्याच अपत्याचा बळी घेतो. उत्तरकालीन कथांत साधनापेक्षा हेतूला महत्त्व येते. लोभ, मत्सर, अतृप्त वासना, कुटुंबातील कुचंबणा ही गुन्ह्यांची मुळे असल्याचे दिसते. शजारुर काँटा (म. शी. साळिंदराचा काटा) ही कादंबरी वरवर पाहता साळिंदराच्या काट्याने केलेल्या हत्यांची कथा आहे. पण तिचा गाभा मनाविरुद्ध विवाह झालेली दीपा व तिचा संयमी पती देवाशिष ह्यांच्या नात्यात आहे. देवाशिषचे हृदय उजव्या बाजूस असल्यामुळे तो वाचतो. ही शारीरिक विलक्षणता कथेचे रहस्य व तिचा भावार्थ अशा दोहोंचे काम करते.

व्योमकेशकथांतून कलकत्त्याचा व एकूण बंगाली समाजाचा जवळजवळ चार दशकांचा इतिहास प्रतिबिंबित झाला आहे. १९३०–४० ह्या दशकातील मेस, भाड्याची बिऱ्हाडे व मृत्युपत्रांवरील तंटे पूर्वार्धात दिसतात. उत्तरार्धात दुसरे महायुद्ध, काळाबाजार, १९४६ चे दंगे आणि स्वातंत्र्याची पहाट ह्यांचे पडसाद उमटतात. अमृतेर मृत्यू ह्या कथेत युद्धकाळात सैनिकांकडून मागे राहिलेल्या शस्त्रांचा चोरटा व्यापार हा विषय आहे, तर चिडियाखाना ह्या कादंबरीत समाजाने टाकलेल्या माणसांना आसरा देणाऱ्या एका निवृत्त न्यायाधीशाच्या वसाहतीचे चित्रण आहे.

सत्य, कायदा व न्याय : व्योमकेशकथांतील मध्यवर्ती प्रश्न कायदा आणि न्याय ह्यांच्या संबंधाचा आहे. सत्य उकलले, म्हणजे गुन्हेगारास पोलिसांच्या स्वाधीन केलेच पाहिजे, असे व्योमकेश मानीत नाही. आदिम रिपुमध्ये काळ्या पैशावर गबर झालेल्या अनादी हालदारचा खून कोणी केला, हे त्याला कळते. तथापि देश स्वतंत्र होत असताना तो त्या अपराध्यास मोकळे सोडतो. ह्या निर्णयामागे दया आहे, तसाच मृत माणसाविषयीचा नैतिक निवाडाही आहे. परंतु अशा प्रसंगी एक अडचण उभी राहते. निवाड्याचा अधिकार एका खाजगी व्यक्तीने स्वतःकडे घ्यावा काय, आणि तिचा निवाडा चुकला तर दाद कोणाकडे मागावी, ह्या प्रश्नांचे उत्तर कथांत मिळत नाही. ‘सत्यान्वेषी’ ह्या बिरुदात व्योमकेशची नैतिक उंची आहे, तशीच ही जोखीमही आहे. ती वाचकास जाणवत राहते, म्हणूनच उलगडा माहीत असूनही ह्या कथा पुन्हा वाचल्या जातात.

ह्या कथांच्या मर्यादाही आहेत. १९३०–४० ह्या दशकात बंगालमध्ये क्रांतिकारकांच्या चळवळी व सरकारी दडपशाही ह्यांनी वातावरण तापलेले असताना त्या काळातील कथांत त्याचे प्रतिबिंब फारसे आढळत नाही. कथांचा दृष्टिकोण प्रामुख्याने सुशिक्षित भद्रलोकांचा आहे. स्त्रियांच्या चित्रणात कधी सहानुभूती, तर कधी वासनेला अपराधाचे मूळ ठरविण्याचा रूढ कल दिसून येतो.

भाषा व निवेदन : प्रारंभीच्या कथा साधू (ग्रांथिक) बंगालीत असून पुढे लेखकाने चलित (बोलभाषेशी निकट) रूपाचा अवलंब केला. बहुतेक कथांचा निवेदक अजित आहे. तो स्वतः लेखक असल्याने त्याचे निवेदन रसाळ व नर्मविनोदी उतरले आहे. १९६४ च्या सुमारास रुम नंबर दुई ह्या कथेपासून लेखकाने त्याला निवेदनाच्या कामातून मुक्त केले व पुढील कथा तृतीयपुरुषी निवेदनात लिहिल्या. त्यांत पोलीस अधिकारी राखालबाबू हा व्योमकेशचा सहकारी म्हणून वावरतो.

महाराष्ट्राशी संबंध : शैलरहस्य ही कथा महाबळेश्वर येथे घडते. तेथील एका हॉटेलात उतरलेला व्योमकेश अजितला पत्र लिहून एका अतर्क्य अनुभवाची हकीकत कळवितो. तर्कनिष्ठ नायकास येथे तर्कापलीकडील गोष्टीची दखल घ्यावी लागते. भूतकथा हाही शरदिंदूंचा आवडता प्रांत होता. व्योमकेश ओ वरदा ह्या कथेत त्यांनी आपल्या भूतकथांतील वरदा ह्या पात्राची व्योमकेशशी गाठ घालून दिली आहे. शिवकालाविषयीही त्यांना विशेष आस्था होती. शिवाजी महाराजांच्या सैन्यातील सदाशिव ह्या किशोरवयीन शिपायावर त्यांनी बालवाचकांसाठी कथा लिहिल्या.

रूपांतरे व प्रभाव : सत्यजित राय ह्यांनी चिडियाखानावर त्याच नावाचा चित्रपट काढला (१९६७). तीत उत्तमकुमार ह्यांनी व्योमकेशची भूमिका केली. ह्या चित्रपटासाठी राय ह्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बासू चटर्जी दिग्दर्शित हिंदी दूरदर्शन मालिकेमुळे (१९९३ व १९९७) व्योमकेश बंगालबाहेर सर्वत्र पोहोचला. तीत रजित कपूर (व्योमकेश), के. के. रैना (अजित) व सुकन्या कुलकर्णी (सत्यवती) ह्यांच्या भूमिका होत्या. त्यानंतर अंजन दत्त, ऋतुपर्ण घोष, दिबाकर बॅनर्जी आदी दिग्दर्शकांनी चित्रपट केले. घोष ह्यांचा सत्यान्वेषी हा चित्रपट त्यांच्या निधनानंतर २०१३ मध्ये प्रदर्शित झाला.

राय ह्यांनी १९६५ मध्ये निर्माण केलेला फेलूदा हा व्योमकेशइतकाच लोकप्रिय आहे. तथापि त्याच्या कथा मुख्यतः किशोरवाचकांसाठी असल्याने त्यांत स्त्रीपुरुषसंबंध व कौटुंबिक विकृती ह्यांना स्थान नाही. व्योमकेशकथा प्रौढांच्या जगातील आहेत. गुप्तहेरकथा ही सामाजिक कादंबरीइतकीच गंभीरपणे माणसाचा वेध घेऊ शकते, हे शरदिंदूंनी त्यांतून दाखवून दिले. हलक्या गणल्या गेलेल्या एका कथाप्रकारास त्यांनी बंगाली साहित्यात मिळवून दिलेली ही प्रतिष्ठा, हेच व्योमकेशच्या निर्मितीचे महत्त्व होय.