पुठ्ठ्याचें अंतराळयान

शाळेच्या स्नेहसंमेलनांत एक नाट्यप्रवेश चालला आहे. मागील पडद्यावर सोनेरी कागदाचा चंद्र टांचणीनें अडकविलेला आहे. नायक त्याकडे बोट दाखवून गंभीर भाषण करीत आहे, आणि नेमका त्याच क्षणीं चंद्र सुटून खालीं पडतो! सभागृहांत हास्याचा कल्लोळ उसळतो. नायक क्षणभर थबकतो. पण लगेच, जणूं कांहींच घडलें नाहीं अशा आविर्भावानें, रिकाम्या पडद्याकडेच बोट करून आपलें भाषण पुढें चालू ठेवतो. संमेलनांतील बाकीचे कार्यक्रम कालांतरानें विस्मृतींत जातात. परंतु तो पडलेला चंद्र आणि तो न डगमगलेला नायक मात्र वर्षानुवर्षें आठवत राहतात. असें कां व्हावें बरें?

विद्यार्थी मित्रहो, अशाच पडलेल्या चंद्रांचा चित्रपटसृष्टींत एक स्वतंत्र संप्रदाय आहे. परग्रहावरील प्राणी, यंत्रमानव, अंतराळयानें अशा वैज्ञानिक कल्पनांवर रचलेले, परंतु अत्यंत तुटपुंज्या भांडवलावर काढलेले आणि भयकथा, प्रहसन, संगीतिका, गुप्तहेरकथा यांची यथेच्छ भेळ केलेले हे विचित्र बोलपट होत. शहाणीं माणसें प्रथम त्यांना हंसतात, आणि पुढें पुन्हां पुन्हां पाहतात. या आवडीच्या मुळाशीं काय आहे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम ही भेळ कशी होते तें पाहूं. सन १९३५ मध्यें अमेरिकेंत 'द फँटम एंपायर' या नांवाचा बारा भागांचा बोलपट निघाला. त्याचा नायक जीन ऑट्री हा घोड्यावर बसून गाणीं गाणारा काउबॉय, म्हणजे गुरें राखणारा घोडेस्वार. त्याच्या कुरणाखालीं, पृथ्वीच्या पोटांत, म्युरानिया नांवाचें एक पुरातन नगर नांदत असतें. तेथें यंत्रमानव आहेत, किरणास्त्रें आहेत, दूरचें दाखविणारीं यंत्रें आहेत. नायक त्या नगरांत बंदिवान होतो. पण त्याची खरी अडचण निराळीच! ठरलेल्या वेळीं वर येऊन रेडिओवर गाणें म्हटलें नाहीं, तर त्याचा करार मोडून कुरण हातचें जाणार असतें. पाताळांतील साम्राज्य एकीकडे आणि गाण्याची वेळ दुसरीकडे! असें कथानक कोणी शांत चित्तानें रचील काय? परंतु त्यामागें एक व्यावहारिक हिशेब होता. घोडेस्वारांच्या कथांचा प्रेक्षक, गाण्यांचा प्रेक्षक आणि अद्भुताचा प्रेक्षक हे तिघेही एकाच तिकिटाच्या खिडकीशीं यावेत, हा तो हिशेब होय.

भेळीचें दुसरें कारण म्हणजे दारिद्र्य. ज्याच्यापाशीं पैसा आहे, तो कथेला लागेल ती वस्तु विकत आणतो. ज्याच्यापाशीं नाहीं, तो हाताशीं असलेल्या वस्तूला साजेशी कथा करतो. सन १९५३ मधील 'रोबॉट मॉन्स्टर' या चित्रपटाची हकीकत याच जातीची आहे. दिग्दर्शक फिल टकर याला परग्रहावरील एक भयंकर प्राणी हवा होता. परंतु यंत्रमानवाचा पोशाख करविण्याइतकें द्रव्य जवळ नव्हतें. जॉर्ज बॅरोज नांवाच्या नटाकडे मात्र गोरिलाचा स्वतःचा पोशाख होता. झालें! धड गोरिलाचें आणि डोकें पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखें, असा अवतार सिद्ध झाला. लॉस एंजेलिसजवळच्या एका दरींत सुमारें १६,००० डॉलरांत आणि अवघ्या चार दिवसांत चित्रण उरकलें. मानवजातीचा संहार करावयास निघालेला हा केसाळ शत्रु एका गुहेंत राहतो, आणि त्याच्या यंत्रांतून काय निघतें म्हणाल, तर साबणाचे फुगे! या चित्रपटास संगीत देणारा एल्मर बर्नस्टीन हा तरुण पुढें अमेरिकेंतील नामवंत संगीतकार झाला, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

येथें कोणी शंका घेईल कीं, साधी सामग्री ही कांहीं हंसण्याची गोष्ट नव्हे. आमच्या कोंकणांतील दशावतारी नाटकांत एक साधें बांकडें राजाचें सिंहासन होतें. तमाशांतील पात्रानें रंगमंचावर एक फेरी मारली, कीं तें दुसऱ्या गांवीं पोहोंचतें. तेथें कोणी हंसत नाहीं. मग पुठ्ठ्याच्या अंतराळयानालाच आपण कां हंसावें?

ही शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरांतच या चित्रपटांच्या मोहिनीचें मर्म आहे. रंगभूमीवर नट आणि प्रेक्षक यांचा एक अलिखित करार असतो: बांकडें हें बांकडेंच आहे, पण आपण दोघे मिळून त्यास सिंहासन मानूं. कॅमेरा असा करार करीत नाहीं. तो म्हणतो, जें होतें तें मीं जसेंच्या तसें टिपलें आहे. म्हणून पुठ्ठा समोर ठेवला तर तो पुठ्ठाच टिपतो. दोरी दिसली तर दोरीही टिपतो. अशा वेळीं प्रेक्षकाच्या डोळ्यांस एकाच पडद्यावर दोन गोष्टी दिसूं लागतात. एक, पृथ्वीवर चालून आलेल्या शत्रूची. आणि दुसरी, चार दिवसांत, उसन्या सामग्रीवर, उन्हांतान्हांत ती पहिली गोष्ट सांगूं पाहणाऱ्या माणसांची. महागड्या चित्रपटांत ही दुसरी गोष्ट पूर्णपणें झांकलेली असते. येथें ती उघडी पडते, आणि पुष्कळदां पहिलीपेक्षां तीच अधिक हृदयंगम असते.

एड वुड या दिग्दर्शकाचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा चित्रपट याचें ठळक उदाहरण होय. तो सन १९५७ मध्यें प्रथम दाखविला गेला. परग्रहावरील लोक पृथ्वीवरील प्रेतांस उठवितात, असें त्याचें कथानक आहे. बेला लुगोसी या वृद्ध आणि एके काळीं अतिशय गाजलेल्या नटाचें थोडेसें चित्रण वुडनें करून ठेवलें होतें. सन १९५६ मध्यें लुगोसी निवर्तला. वुडनें तें चित्रण टाकून दिलें नाहीं. उरलेल्या प्रसंगांसाठीं त्यानें दुसराच एक इसम उभा केला, आणि चेहरा ओळखूं येऊं नये म्हणून त्यास झग्यानें तोंड झांकून चालावयास लावलें! थडगीं हालतात, तबकड्या दोरीवर लोंबतात, एकाच प्रसंगांत दिवस आणि रात्र यांची सरमिसळ होते. सन १९८० मध्यें एका पुस्तकानें त्यास आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरविलें. परिणाम काय झाला? लोक तो अधिकच आवडीनें पाहूं लागले, आणि सन १९९४ मध्यें टिम बर्टन यानें वुडच्या जीवनावर एक सुंदर चित्रपट काढला. जगांत वाईट चित्रपट अगणित आहेत. ते आले तसे गेले. हा टिकला, कारण तो कंटाळवाणा नाहीं आणि लबाडही नाहीं. प्रत्येक चुकींतून काढणाऱ्याची जिद्द डोकावते.

परंतु अल्प सामग्रीचें फळ नेहमीं हास्यास्पदच असतें, असें मात्र कोणीं समजूं नये. सन १९६२ मध्यें फ्रान्समधील क्रिस मार्कर यानें 'ला जेते' हा अवघा २८ मिनिटांचा चित्रपट काढला. महायुद्धानें उध्वस्त झालेल्या भावी पॅरिसमधून एक मनुष्य भूतकाळांत पाठविला जातो, ही त्याची कथा. ती जवळजवळ संपूर्णपणें स्थिर छायाचित्रांनीं सांगितली आहे. केवळ एकदांच, एक निद्रिस्त स्त्री डोळे उघडते, तेवढा क्षण चित्र हालतें. आणि त्या एका पापणीच्या हालचालीनें प्रेक्षकाच्या अंगावर रोमांच उभे राहतात. सर्व चित्रें हालत असतीं तर त्या क्षणाची किंमत कोणास कळली असती? तीन वर्षांनीं, सन १९६५ मध्यें, झां-लूक गोदार यानें 'आल्फाव्हिल' या चित्रपटासाठीं भविष्यकाळांतील नगर उभारलेंच नाहीं. त्या वेळच्या पॅरिसमधील नव्या इमारती, कांचेचीं दारें आणि रात्रीचे दिवे यांनाच त्यानें परक्या ग्रहावरील नगर म्हटलें, आणि त्यांत कोट-टोपी घातलेला एक गुप्तहेर सोडला. आपलेंच शहर परकें कसें होत आहे, हें त्यास दाखवावयाचें होतें. नकली देखावा केला असता तर तें दिसलें नसतें. बर्लिनच्या महोत्सवांत त्यास त्याच वर्षीं सुवर्ण अस्वलाचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें.

आतां या दोन टोकांच्या मधलें एक उदाहरण घेऊं. विद्यार्थ्यांस तें विशेष जवळचें वाटेल. अमेरिकेंतील जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन या दोन विद्यार्थ्यांनीं विद्यापीठांत शिकत असतां एक चित्रपट आरंभिला, तो सुमारें ६०,००० डॉलरांत पुरा होऊन सन १९७४ मध्यें 'डार्क स्टार' या नांवानें बाहेर पडला. त्यांतील परग्रहवासी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर मुलें खेळतात तसला एक रंगविलेला मोठा चेंडू, त्यास खालीं दोन पंजे! पण याच चित्रपटांत एक अपूर्व प्रसंग आहे. यानांतील एक बुद्धिमान बाँब स्फोट करण्याचा हट्ट धरून बसतो, आणि यानाचा अधिकारी त्याच्याशीं तत्त्वज्ञानाचा वाद घालतो: "तुला मिळालेली आज्ञा खरी आहे, हें तुला कशावरून कळलें? तुझीं इंद्रियें तुला फसवीत नसतील कशावरून?" अशा आशयाचा तो संवाद आहे. बाँब विचारांत पडतो. आणि पुढें त्या विचारांतून जो निष्कर्ष काढतो, तो सर्वांस भोंवतो. या प्रसंगास खर्च काय आला असेल? दोन आवाज आणि एक कल्पना! इकडे चेंडूवरील विनोद मनासारखा साधला नाहीं, याची खंत ओबॅननला लागून राहिली. यानांत शिरलेल्या परक्या प्राण्याची तीच कल्पना त्यानें हास्याऐवजीं भयाच्या अंगानें पुन्हां हातीं घेतली, आणि त्यांतून सन १९७९ चा जगप्रसिद्ध 'एलियन' जन्मास आला. फसलेला चेंडू फुकट गेला नाहीं.

हीं सर्व उदाहरणें सातासमुद्रांपलीकडचीं झालीं. पण आपल्या महाराष्ट्रांतही या कुळींतील एक शाखा आहे. नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव हें यंत्रमागांचें गांव. तेथें नासिर शेख नांवाच्या गृहस्थानें स्थानिक मंडळींस घेऊन प्रथम 'मालेगांव के शोले' आणि पुढें 'मालेगांव का सुपरमॅन' असे चित्रपट काढले. मूळ सुपरमॅन म्हणजे पोलादी बाहूंचा वीर. मालेगांवचा नायक म्हणजे मागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण. गांवांतील धुळीनें या वीरास दम्याचा विकार जडतो! कॅमेरा सरकविण्यास सायकल, आणि नायकास उडविण्यास मागें धरलेलें हिरवें कापड, अशी तेथील यंत्रसामग्री. हा सर्व खटाटोप फैजा अहमद खान यांनीं 'सुपरमेन ऑफ मालेगांव' या सन २००८ च्या माहितीपटांत टिपला, आणि सन २०२४ मध्यें रीमा कागती यांनीं त्याच मंडळींवर एक मोठा हिंदी चित्रपट काढला. दम्याचा विनोद ऐकून प्रथम हंसूं येतें. पण क्षणानें ध्यानांत येतें कीं, ती धूळ खरी आहे आणि तिच्यांत श्वास घेणारीं माणसेंही खरीं आहेत. कोट्यवधि डॉलर ओतून काढलेल्या चित्रपटांतील वीरास हें दुःख ठाऊक नाहीं.

तात्पर्य, हास्याचे दोन प्रकार आहेत. दुसऱ्याची फजिती झाली म्हणून आपण उंच झालों, असें मानणारें हास्य एक; आणि दुसऱ्याच्या धडपडींत आपलीच धडपड ओळखून आलेलें हास्य दुसरें. पहिलें हास्य त्याच रात्रीं विरून जातें, दुसरें माणसास पुन्हां त्या चित्रपटाकडे आणतें. मात्र केवळ दारिद्र्य हा गुण नव्हे, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. आळसानें केलेलें वाईट काम आणि साधनांअभावीं अपुरें राहिलेलें काम यांत महदंतर आहे. हल्लीं कांहीं लोक मुद्दाम विचित्र आणि मुद्दाम भिकार चित्रपट काढून हंसें मिळवूं पाहतात. त्यांत ही मोहिनी उतरत नाहीं. चंद्र हातानें पाडला तर कोणास गंमत वाटणार? तो खरोखर टांगण्याचा यत्न झालेला असला पाहिजे.

पालकवर्गासही एक विनंति आहे. घरांत एखादें मूल खोक्यांस रंग देऊन, डब्यांच्या झांकणांचीं चक्रें करून, अंतराळयान उभारीत असेल, तर 'हा काय पसारा!' म्हणून तें लगेच झाडून टाकूं नका. यानांत शिरून जरा बसून पाहा, आणि तें कोठें चाललें आहे, हें त्या मुलास विचारा. आणि विद्यार्थी मित्रहो, पुढील संमेलनांत तुमचा चंद्र पडलाच, तर भाषण थांबवूं नका. दुसऱ्या दिवशीं मात्र टांचणीऐवजीं खिळा वापरा.