खवले मांजर : एका पिलाचा संसार

कोकणातील एखाद्या वाडीत रात्रीच्या वेळी कुत्री एकाएकी भुंकू लागतात. कंदील किंवा विजेरी घेऊन माणसे बाहेर येतात, तो अंगणाच्या कडेला खवल्यांचे एक मोठे वेटोळे निश्चल पडलेले दिसते. डोके नाही, पाय नाहीत, हालचाल नाही. हा प्राणी म्हणजे खवले मांजर. त्या वेळी जमलेली माणसे जो निर्णय घेतात, त्यावर केवळ एका प्राण्याचे नव्हे, तर त्या परिसरातील त्याच्या सबंध वंशाचे भवितव्य अवलंबून असते. असे का, हे समजण्यासाठी या प्राण्याच्या जीवनक्रमाची, विशेषतः त्याच्या प्रजननाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

नाव मांजराचे, कुळ वेगळे

नावात मांजर असले तरी मार्जार कुळाशी याचा संबंध नाही. अंगावर खवले असल्यामुळे पुष्कळांना तो सरपटणारा प्राणी वाटतो. तोही गैरसमजच होय. खवले मांजर हा पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. जगात त्याच्या आठ जाती प्रसिद्ध असून त्यांपैकी चार आशियात व चार आफ्रिकेत आढळतात. भारतात दोन जाती आहेत. चिनी खवले मांजर ईशान्य भागात आढळते. महाराष्ट्रात आढळणारी जात भारतीय खवले मांजराची असून तिचे शास्त्रीय नाव ‘मॅनिस क्रॅसिकॉडाटा’ असे आहे.

पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे धड डोक्यासह सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर लांब असते. जाड व बळकट शेपूट त्याखेरीज. नर मादीपेक्षा मोठा असतो. पोट, चेहरा व पायांची आतील बाजू सोडल्यास सर्व अंग एकावर एक बसविलेल्या कौलांप्रमाणे खवल्यांनी झाकलेले असते. हे खवले केरॅटिन या द्रव्याचे असतात. आपली नखे व केस, गाईगुरांची शिंगे व खूर हेही त्याच द्रव्याचे बनलेले असतात.

दातांवाचून आहार

वाळवी व मुंग्या हे याचे अन्न. रात्री वासाच्या आधाराने तो वारूळ हुडकून काढतो व पुढील पायांच्या लांब, मजबूत नखांनी ते फोडतो. चालताना ही नखे बोथट होऊ नयेत म्हणून तो ती आत दुमडून घेतो. चिकट लाळेने माखलेली लांब जीभ तो वारुळाच्या भोकांतून आत सारतो आणि तिला चिकटलेले कीटक गिळतो. तोंडात एकही दात नसतो. दातांचे काम जठर करते. अन्नाबरोबर पोटात गेलेले खडे व वाळू यांच्या साहाय्याने तेथे अन्न भरडले जाते. खाताना मुंग्यांनी चावू नये म्हणून नाकपुड्या व कान मिटून घेण्याची सोयही निसर्गाने त्याला दिली आहे.

वाळवी घराच्या वाशांचे, झाडांचे आणि कचेरीतील दप्तराचे काय करते, हे निराळे सांगावयास नको. तिच्या वाढीला आळा घालणारा हा प्राणी शेतकऱ्याच्या पिकाला, कोंबड्यांना वा गुरांना कसलाही उपद्रव देत नाही.

दिवसा तो बिळात झोपतो. मऊ जमिनीत हे बीळ ६ मीटरपर्यंत लांब असू शकते. आत शिरल्यावर तो पुष्कळदा तोंडाशी माती लोटून बीळ बंद करून घेतो.

एका वेळी एकच पिलू

एरवी हा प्राणी एकट्याने राहतो. समागमाच्या काळात मात्र नर व मादी एकाच बिळात राहताना आढळतात. जुन्या ग्रंथांत गर्भकाळ अवघ्या दोन-सव्वादोन महिन्यांचा दिलेला असे. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या खवले मांजरांच्या निरीक्षणांवरून तो याहून पुष्कळच मोठा, कित्येक महिन्यांचा असल्याचे दिसून आले आहे. वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत पिले जन्मल्याच्या नोंदी आहेत. परंतु एका वेतात पिलू होते ते साधारणतः एकच, जुळी क्वचितच.

जन्मतः पिलाचे वजन पाव किलोच्या आसपास किंवा थोडे अधिक असते. खवले मऊ असतात. ते पुढे हळूहळू कठीण होतात. मादीला छातीवर स्तनांची एकच जोडी असते. आरंभी पिलू बिळातच राहते. थोडे मोठे झाल्यावर ते आईच्या शेपटीच्या बुडाशी पालथे बसून, खवल्यांना घट्ट धरून तिच्याबरोबर बाहेर पडते. धोका जाणवताच आई पिलाला पोटाशी घेते आणि त्याच्याभोवती आपले सर्व शरीर गुंडाळून घेते. बाहेरून पाहणाऱ्याला एकच वेटोळे दिसते. आत जीव मात्र दोन असतात.

उंदराची मादी वर्षातून अनेकदा विते व प्रत्येक वेळी अनेक पिले देते. म्हणून कितीही मारले तरी उंदीर संपत नाहीत. खवले मांजराचे गणित याच्या नेमके उलट आहे. एक मादी मारली गेली, तर तिच्याबरोबर कदाचित तिचे पिलूही जाते आणि पुढील सर्व पिले तर जातातच. ही तूट भरून निघावयास अनेक वर्षे लागतात.

जे कवच तेच संकट

वेटोळे करून पडून राहणे हा वाघ-बिबट्यांपुढे उत्तम बचाव आहे. खवल्यांच्या कवचावर त्यांचे दात चालत नाहीत. पण माणसापुढे हाच बचाव घातक ठरतो. न पळणारा, न चावणारा हा प्राणी सहज उचलून पोत्यात भरता येतो. त्याचे मांस खाल्ले जाते आणि खवले औषधी म्हणून चोरट्या बाजारात विकले जातात. खवल्यांच्या अंगठीने वा ताइताने व्याधी बरी होते, ही समजूत निराधार आहे. आपल्या कापलेल्या नखांत जेवढे औषध असेल तेवढेच त्यांत आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश आहे. त्याची शिकार करणे, त्याला पकडणे किंवा त्याच्या खवल्यांचा व्यापार करणे या गुन्ह्यांस ३ ते ७ वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आठही जातींच्या व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले व ती जानेवारी २०१७ पासून अमलात आली.

गावाने काय करावे?

कायद्याचा हात प्रत्येक बिळापर्यंत पोहोचू शकत नाही. गावाचा पोहोचू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने हे ओळखून गावोगाव जागृतीचे काम केले. २०२० च्या फेब्रुवारीत, जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने, चिपळूण तालुक्यातील डुगवे गावाने ‘खवलोत्सव’ साजरा केला आणि या प्राण्याच्या प्रतिकृतीला पालखीचा मान दिला. कालपर्यंत शिकारीचा विषय असलेला प्राणी गावाच्या अभिमानाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवहीत या प्राण्याची नोंद करावी. मात्र बिळांची नेमकी ठिकाणे जाहीर करू नयेत. बिळे खणणे, त्यांत धूर करणे व डोंगरउतारावर वणवे लावणे या गोष्टींना ग्रामसभेने पायबंद घालावा. शिक्षकांनी मुलांना या प्राण्याची ओळख करून द्यावी. खवले मांजर वस्तीत आढळल्यास कुत्र्यांना बांधावे, गर्दी हटवावी, वेटोळे उलगडण्याचा प्रयत्न करू नये आणि वन विभागास तत्काळ कळवावे. त्याला पिंपात किंवा खोलीत डांबून ठेवू नये. बंदिवासात तो फार काळ तग धरीत नाही. वाट मोकळी मिळाली तर बहुधा तो स्वतःच रानाकडे निघून जातो.

अंगणातील त्या वेटोळ्याच्या आत कदाचित एक पिलू दडलेले असेल, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.