‘ना’ लावून विचारलेले प्रश्न

जुन्या कॅसेटी ऐकायच्या म्हणून आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घ्यावा लागला. चौल, रेवदंडा, मुरूड हा पट्टा. हातात छापील प्रश्नावली, खांद्याला शबनम, आणि ज्यांना तेव्हा सरकारी कागदापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच ‘मतिमंद’ म्हणायचे अशा तरुण मुलामुलींच्या मुलाखती घ्यायचं काम. पंचवीसेक वर्षांनी ऐकताना कानाला पहिल्यांदा खटकलं ते माझंच बोलणं.

‘शाळेत आवडायचं ना?’ ‘हो.’ ‘घरी कुणी मारत नाही ना?’ ‘हो.’ ‘म्हणजे, मारतात?’ ‘हो.’

फॉर्मच्या कडेला मी शेरा मारलेला आहे : उत्तरे विश्वसनीय नाहीत. प्रश्न विश्वसनीय होते का, यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

या माणसांना प्रश्न विचारायची आपल्याकडची परंपरा तशी जुनी, पण ती बहुतेक मोजमापाची. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिचाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 सालचं. बिने-कामत हे नाव विशेष शाळांच्या फायलींत अजून भेटतं. उत्तर बरोबर की चूक एवढंच तिथे पाहायचं. मुलाचं म्हणणं काय, हा त्या चाचणीचा विषयच नव्हे. पुढे नागपूरला डॉ. मालिन यांनी व्हाइनलँड श्रेणीचं भारतीय रूप केलं. तिच्यात 89 बाबी : हाताने जेवतो का, गावात एकटा फिरतो का, आणि असंच पुढे. चांगलं साधन आहे, मीही वापरलं. पण त्यातले प्रश्न मुलाला विचारायचे नसतात, त्याच्या आईला विचारायचे असतात. तो शेजारी बसून ऐकत असतो.

शिरगणतीतही तेच. 2011 च्या जनगणनेत मानसिक आजार आणि बौद्धिक मंदत्व हे पहिल्यांदा वेगळे मोजले गेले आणि देशात दुसऱ्या रकान्यात 15 लाखांवर माणसं भरली. त्यांतल्या कितीजणांनी आपली नोंद स्वतःच्या तोंडाने दिली असेल? प्रगणक ओटीवर येतो, कर्त्या माणसाशी बोलतो आणि पुढच्या घरी जातो.

बाहेरच्या जगात अशा माणसांचं म्हणणं ऐकण्याचा विचार सुरू झाला होता. कॅलिफोर्नियात रॉबर्ट एजर्टन यांनी संस्थेतून बाहेर सोडलेल्या माणसांत मिसळून 1967 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातली एक गोष्ट मी कधी विसरले नाही. घड्याळ कळत नसलेली काही माणसं बंद पडलेलं घड्याळ मनगटावर बांधत आणि रस्त्यात कुणाला तरी विचारत, नऊ वाजले का हो, माझं बंद पडलंय. ही हुशारी कोणत्या चाचणीत किती गुणांची, ते कामतांनाही सांगता आलं नसतं.

मग 1981. अमेरिकेत कॅरल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी एकाच माणसाला उलटसुलट प्रश्न विचारून पाहिले आणि दोन्हींना ‘हो’ आलं. कळलं नाही की हो म्हणून टाकायचं, असा निष्कर्ष निघाला. (त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. दोन्हींचा काही संबंध नाही, पण सन लक्षात ठेवायला मला सोयीचं जातं.) हा निष्कर्ष लोकांनी हवा तसा वापरला : बघा, यांना विचारून उपयोग नाही. 1996 मध्ये रॅप्ले आणि अँटाकी या दोघांनी अशा मुलाखतींचा शब्दन् शब्द उतरवून पाहिला, तेव्हा गाठ दुसरीकडेच निघाली. मुलाखत घेणारा उत्तर मनासारखं येईपर्यंत प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहतो, आणि समोरचा शेवटी कंटाळून त्याच्या हातात हवं ते ठेवतो. माझ्या कॅसेटींत याचे नमुने हवे तितके आहेत.

त्यात आपली मराठी. आपल्याला साधा प्रश्न विचारताच येत नाही. ‘जेवलास ना?’ ‘बरं वाटतंय ना?’ ‘ना’ लावला की उत्तर आपणच दिलेलं असतं, समोरच्याने फक्त मान डोलवायची. जन्मभर ज्याला ‘ऐकतोस ना?’ एवढंच विचारलं गेलं, तो पिशवी घेऊन आलेल्या बाईला नाही कशाला म्हणेल?

हे कळायला जी किंमत मोजली गेली, तीही याच रायगड जिल्ह्यात, पण सुरुवात शेजारी झाली. ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या बालगृहातल्या मुलांच्या मृत्यूंच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये आपणहून दखल घेतली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्याकडे अशा संस्थांच्या देखरेखीचं काम आलं. 2011 मध्ये पनवेलजवळ कळंबोलीतल्या एका बालगृहातल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुली, काहींना नीट बोलताही येत नव्हतं. ‘इथे बरं आहे ना?’ असं विचारणाऱ्याला त्या ‘हो’च म्हणाल्या असत्या. 2013 च्या मार्चमध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला फाशी सुनावली. उच्च न्यायालयात पुढे फाशी टिकली नाही. पण ज्यांच्या शब्दाला घरात, गावात, संशोधनातही वजन नव्हतं, त्यांचं म्हणणं खटल्यात धरलं गेलं.

गंमत म्हणजे, कायद्यात वाट पहिल्यापासून होती. 1872 च्या पुरावा कायद्याचं 118 वं कलम म्हणत होतं, की प्रश्न समजत असेल आणि सुसंगत उत्तर देता येत असेल तर कुणीही साक्षीदार होऊ शकतो. वेडगळ माणसालाही ते बंदी घालत नव्हतं. प्रश्न समजेल असा विचारायची जबाबदारी मात्र कुणाची, हे स्पष्ट व्हायला 2013 ची दुरुस्ती यावी लागली : लैंगिक गुन्ह्यांत अशा व्यक्तीचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने, चित्रीकरण करून घ्यायचा. चित्रीकरणामुळे पोरीने काय सांगितलं ते कळतंच, साहेबांनी कसं विचारलं तेही कळतं. संशोधनाला इथे कोर्टाच्या मागून चालावं लागलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सहाव्या कलमाने अपंग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला कळेल अशा रीतीने तिची स्वतःची संमती घेणं बंधनकारक केलं. शिवाय अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत निम्मे सदस्य अपंग किंवा अपंगांच्या संस्थांतले हवेत. माझ्या गठ्ठ्यातल्या फॉर्मांवर आईचा अंगठा आहे, कुठे बापाची सही. मुलाला मी विचारलं नव्हतं.

आता नव्याने या कामात आलेल्या मुलींना मी प्रश्नावली बाजूला ठेवायला सांगते. ‘कधी’ हा अवघड शब्द आहे. महिना विचारू नका. होड्या किनाऱ्याला ओढल्या होत्या की पाण्यात होत्या, ते विचारा. ‘हे की ते’ विचारलंत तर शेवटचं निवडलं जातं, म्हणून पुन्हा उलट्या क्रमाने विचारा, आणि समोर फोटो ठेवा : एसटी स्टँड, बंदर, वाळवणाचा ओटा, शाळा. मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड; मलाही अजून नीट येत नाही.

एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला माझा आवाजच नाही. चहासाठी आत गेले आणि यंत्र चालू राहिलं असावं. मुलगा आजीशी बोलतोय. पाऊस कसा अचानक आला, अंगणातला जवळा दोघांनी कसा गोळा केला, अर्धा भिजला, मांजरीने किती खाल्ला, आणि काकी मदतीला आली नाही पण वाटा मागायला आली. आठ मिनिटं. क्रम पक्का, काकीवरचा राग पक्का. मग माझी चप्पल वाजते, कप ठेवल्याचा आवाज येतो.

‘कंटाळा नाही ना आला?’

‘हो.’