औषधाच्या डब्याबाहेरची बोरिक पावडर

मे महिन्याच्या सुटीत कॅरम बोर्ड बाहेर निघाला की मुले आधी औषधाचा डबा उघडतात. बँडेजची पट्टी आणि तापाच्या गोळ्यांच्या मागे बोरिक पावडरची पुडी असतेच. कधी आणली ते कुणाला आठवत नाही, पण ती संपतही नाही. केमिस्टकडे काही रुपयांत मिळणाऱ्या या पांढऱ्या भुकटीचे घरातले आणि बागेतले उपयोग औषधापेक्षा किती तरी जास्त आहेत. त्यातले काही खरोखर उत्तम आहेत, काही मात्र मुळीच करू नयेत असे आहेत.

औषध म्हणून तिचा जमाना मोठा होता. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदाने 1870च्या दशकात जखमांवर बोरिक अॅसिड, म्हणजे हीच पावडर, वापरायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षे ते जगभरच्या दवाखान्यांत राहिले. आपल्याकडे डोळे आले की बोरिकच्या कोमट पाण्याने धुवायचे, घामोळ्यांवर पावडर लावायची, तोंड आले की बोरोग्लिसरीन. कोलकात्यात 1929 साली सुरू झालेल्या बोरोलीनच्या नावातला ‘बोरो’ही याच बोरिकचा. मग डॉक्टरांनी ते बहुतेक ठिकाणी का सोडले? धडधाकट त्वचेतून ते फारसे आत जात नाही, पण खरचटलेल्या, सोललेल्या त्वचेतून जाते. शरीराबाहेर पडायला त्याला वेळ लागतो. लंगोटाने लाल झालेल्या जागी ही पावडर भरपूर चोपडल्यामुळे तान्ही बाळे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून बाळाच्या अंगाला आणि उघड्या जखमेला बोरिक पावडर लावू नये. घरी केलेल्या बोरिकच्या पाण्याने डोळे धुण्याचेही आता कारण उरलेले नाही.

कॅरमवर मात्र ती अजून शोभते. चिमूटभर पावडर अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहा, साबणासारखी गुळगुळीत लागते. बोरिक अॅसिडचे रेणू सपाट थरांत रचलेले असतात. एका थरातले बंध घट्ट असतात, पण दोन थरांमधली पकड सैल, त्यामुळे पत्त्याच्या कॅटातल्या पानांसारखे ते एकमेकांवरून सरकतात. स्ट्रायकर आणि सोंगट्या खरे तर या थरांवरून घसरत असतात. घासत सरकणाऱ्या लाकडी ड्रॉवरच्या कडेलाही हीच पावडर कामी येते. कॅरमसाठी स्टार्चची पावडरही मिळते. घरात बोट तोंडात घालण्याच्या वयाची मुले असतील तर तीच आणावी.

पण घरात बोरिक पावडरचा खरा पराक्रम झुरळांवर दिसतो. झुरळ हा स्वतःला सतत साफ करणारा प्राणी आहे. मिशा, पाय तोंडातून ओढून चाटत असतो. पायांना चिकटलेली भुकटी तशीच त्याच्या पोटात जाते, आणि आमिषात कालवलेली तर थेट जाते. मरायला त्याला काही दिवस लागतात. नेमके हेच लोकांना पटत नाही. रात्री गोळ्या ठेवल्या, सकाळी झुरळे फिरताना दिसली, की हातात स्प्रे येतो. स्प्रेच्या वासाने झुरळे गोळ्यांच्या आसपासही फिरकत नाहीत आणि सगळी मेहनत फुकट जाते. गोळ्या ठेवल्या की तिथे स्प्रे मारायचा नाही, हा पहिला नियम.

गोळ्यांची कृती सोपी आहे. एक चमचा बोरिक पावडर, दोन चमचे कणीक, एक चमचा पिठीसाखर आणि मळण्यापुरता किसलेला कांदा किंवा दूध. बोरिकचे प्रमाण वाढवले तर झुरळे तोंड लावत नाहीत, त्यामुळे हात आखडताच ठेवावा. वाटाण्याएवढ्या गोळ्या करून त्या बाटल्यांच्या झाकणांत ठेवाव्यात, म्हणजे ओटा खराब होत नाही आणि उचलणेही सोपे जाते. सिंकखालचे कपाट, फ्रीजच्या मागची उबदार जागा, ट्रॉलीच्या बिजागऱ्यांचे कोपरे, गॅस सिलिंडरच्या मागची भिंत, या त्यांच्या जागा. नुसती भुकटी टाकायची तर अगदी पातळ, दिसेल न दिसेल इतकीच, कारण ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जाते. झुरळाच्या अंड्यांच्या कुपीवर मात्र या पावडरीचा काही परिणाम होत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी नव्या गोळ्या ठेवायलाच हव्यात. एकदाच ठेवून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांची चूक इथे होते. मळायला वापरलेले भांडे आणि चमचा पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

मुंग्यांसाठी तर आणखी संयम लागतो. कामकरी मुंगीने गोड पाणी वारुळापर्यंत न्यावे, राणीला आणि पिल्लांना भरवावे, अशी आपली इच्छा असते. द्रावण कडक केले तर ती वाटेतच मरते. कपभर पाण्यात दोन मोठे चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा बोरिक पावडर, एवढेच पुरे. त्यात भिजवलेला कापसाचा बोळा मुंग्यांच्या रांगेजवळ, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. पहिल्या दिवशी मुंग्या उलट वाढतात. वाढू द्याव्यात.

आता बागेकडे. वनस्पतींना बोरॉन लागतेच, हे इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी 1923 मध्ये बाकल्याच्या रोपांवर दाखवून दिले. परागनलिका वाढण्यासाठी, म्हणजे फुलाचे फळ होण्यासाठी, बोरॉन हवे असते. कोकणातल्या जांभ्या जमिनीतून ते धो धो पावसात वाहून जाते. मग नारळाची नवी पाती चुरगळल्यासारखी किंवा टोकाला आकड्यासारखी वळून येतात, पपईच्या फळांवर टेंगळे येतात, फ्लॉवरचा दांडा आतून पोकळ निघतो. बोरिक अॅसिडमध्ये सुमारे 17 टक्के बोरॉन असते, म्हणून शेतकरी त्याची फवारणी करतात.

गच्चीवरच्या बागेत मात्र सावधगिरी हवी. बोरॉन कमी पडणे आणि जास्त होणे यांत अंतर फार थोडे आहे. लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याचा चौथा भाग. तो आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून घ्यावा, नाही तर खाली बसतो. कळ्या धरताना संध्याकाळी एकदा पानांवर फवारावे आणि त्या हंगामात पुन्हा हात लावू नये. तेही वर सांगितलेली लक्षणे दिसली तरच. जास्त झालेले बोरॉन जुन्या पानांच्या कडांत साठते, आणि त्या कडा पिवळ्या पडून करपतात. लिंबू, घेवडा आणि द्राक्षवेल याबाबतीत विशेष नाजूक आहेत. कुंडीत मुंग्या झाल्या म्हणून मातीत मूठभर बोरिक पावडर टाकण्याचा सल्ला हल्ली फिरत असतो. तो ऐकू नका. मुंग्या जातील न जातील, झाड नक्की जाईल.

बांबूला भुंगा लागून खाली भुसा पडू नये म्हणून बोरिक अॅसिड आणि टाकणखाराच्या द्रावणात बांबू बुडवून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे चांगली रुळली आहे. घरातल्या बांबूच्या वस्तूंना ती उत्तम. उघड्यावरच्या मांडवाला नाही, कारण पावसाने द्रावण धुऊन जाते.

‘घरगुती उपाय’ म्हटले की निर्धास्तपणा येतो, आणि या पावडरीच्या बाबतीत तो महागात पडतो. दिसायला ती पिठीसाखरेसारखी, वास नाही. तान्ह्या बाळाला दोन-तीन ग्रॅमसुद्धा जिवावर बेतू शकतात, आणि तिच्यावर नेमका उतारा नाही. चुकून पोटात गेली तर घरच्या घरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता, पुडी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रियांनी ही पावडर हाताळूच नये. इतरांनीही पुडी उघडताना नाकावर रुमाल बांधावा. कॅरम संपला की मुलांचे हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ देऊ नये.

तेव्हा आजच औषधाचा डबा उघडा आणि बोरिक पावडर तिथून बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, वर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून, फिनेलच्या बाटलीशेजारी कुलपाच्या कपाटात ठेवा.