उघडलेले फाटक

लंडनच्या पश्चिमेस ऑस्टर्ली नावाचा एक जुना प्रासाद आहे. चाइल्ड या पेढीवाल्या घराण्याने अठराव्या शतकात रॉबर्ट ॲडम या वास्तुशिल्पीकडून त्याला नवे रूप देवविले. या घराण्याचे हितसंबंध ईस्ट इंडिया कंपनीत गुंतलेले होते. अर्थात त्या वैभवात पूर्वेकडील व्यापाराचाही वाटा होता. 1949 साली तो नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाला. आता त्याच्या उद्यानात शनिवारी सकाळी 5 किलोमीटरची सामुदायिक धाव होते. 2004 साली बुशी पार्कमध्ये 13 धावपटूंनिशी सुरू झालेल्या ‘पार्करन’चीच ही शाखा. शुल्क नाही, बक्षीस नाही. सारी व्यवस्था स्वयंसेवकांची.

आम्ही त्या धावेत सामील झालो तेव्हा मनात कंपनीचाच हिशेब होता, हे लपवीत नाही. धापा टाकीत मागे पडलो, तो एक स्वयंसेवक शांतपणे आमच्या मागून चालत राहिला. सर्वांच्या शेवटी स्वयंसेवकानेच यावे, सहभागी झालेल्या कोणासही शेवटचा ठरू देऊ नये, असा तेथील प्रघात आहे.

एवढ्याने इतिहासाचा हिशेब मिटत नाही. 2020 साली ट्रस्टने आपल्या वास्तूंचे वसाहतवादाशी असलेले संबंध स्वतःच जाहीरपणे मांडले, हे उचितच झाले. मात्र हिशेब मांडणे आणि फाटक उघडणे, ही दोन्ही कर्तव्ये बरोबरीने पार पाडता येतात. आपल्याकडील जुन्या वाड्यांची कुलपे पाहताना आम्हांस हेच आठवते.