त्रिकोणाच्या आत कोण आहे?

युद्धपटांतला ठरलेला प्रसंग: तीन केंद्रांना शत्रूचा रेडिओ संदेश ऐकू येतो, तो ज्या दिशांनी आला त्यांच्या नकाशावर तीन रेघा ओढल्या जातात आणि त्या भेटतात तिथे टाचणी टोचली जाते. प्रत्यक्षात तीन रेघा एका बिंदूत जवळजवळ कधीच भेटत नाहीत, त्यांचा त्रिकोण होतो. मग जाणकार म्हणवणारेही छातीठोकपणे सांगतात, ‘लक्ष्य या त्रिकोणातच असणार.’

चारांतल्या तीन वेळा ते तिथे नसते! हिशेब शाळकरी आहे. प्रत्येक रेघ खऱ्या जागेच्या डावीकडून जाईल किंवा उजवीकडून, दोन्हींची शक्यता सारखीच. तीन रेघांच्या मिळून आठ शक्यता, आणि त्यांपैकी दोनांतच लक्ष्य त्रिकोणात पडते. म्हणजे फक्त २५ टक्के. यंत्र अधिक अचूक घेतले तर त्रिकोण लहान होतो, हे प्रमाण मात्र तेवढेच राहते. म्हणूनच आर. जी. स्टॅन्सफिल्ड यांनी १९४७ साली दिशाशोधनाचे संख्याशास्त्र मांडले. त्यात त्रिकोणाऐवजी लंबवर्तुळ काढतात आणि लक्ष्य त्यात असण्याची शक्यताही सांगतात.

लंबवर्तुळ का? एका अंशाची चूक १०० किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर होते. दोन रेघा काटकोनाऐवजी १० अंशांत छेदल्या, तर जागेची चूक पावणेसहापट वाढते, तीही बहुतेक रेघांच्या लांबीच्या दिशेने.

बरे, रेघा ओढायच्या कोणत्या नकाशावर? २५ मे १९४१ रोजी जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’वरून अॅडमिरल ल्युट्येन्स यांनी लांबलचक संदेश पाठवला. ब्रिटिश केंद्रांनी दिशा टिपल्या. पण तिचा पाठलाग करणाऱ्या ‘किंग जॉर्ज पंचम’ या ब्रिटिश नौकेवर त्या चुकीच्या पद्धतीने आखल्या गेल्या. रेडिओलहरी पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळच्या वाटेने येतात, आणि नेहमीच्या मर्केटर नकाशावर ती वाट सरळ रेघ नसते. जागा फार उत्तरेला निघाली. तिच्यावरचे ब्रिटिश अॅडमिरल टोवी ईशान्येकडे वळले, बिस्मार्क फ्रान्सकडे निघाली होती.

किरकोळ गैरसमज झटपट. ‘केंद्रे वाढवा, चूक पळेल’: यादृच्छिक चूक निम्मी करायला चौपट केंद्रे लागतात, आणि सगळ्यांची चूक एकाच बाजूची असेल तर तीही निरुपयोगी. ‘एकाच केंद्रावरून अंतर कळत नाही’: पाणबुडी स्वतःची दिशा बदलून ते काढते. ‘जितके छेद, तितकी जहाजे’: दोन जहाजे आणि दोन केंद्रे यांचे चार छेद होतात, त्यांतले दोन निव्वळ भुते. ‘दिशाशोधकापासून कोणी लपत नाही’: गप्प जहाजापुढे तो बहिराच. बिस्मार्क अखेर २६ मेच्या सकाळी सापडली ती कॅटालिना विमानातून, डोळ्यांनी.