खाण तिथे कॉर्निश

मागे एका जनगणनेच्या वेळी घरी आलेल्या मास्तरांनी माझं नाव ऐकलं आणि मातृभाषेच्या रकान्यात न विचारताच 'उर्दू' लिहून टाकलं. मी म्हणालो, "मास्तर, मराठी लिहा." ते ओशाळले, खोडून दुरुस्त केलं. गोष्ट एवढीशीच, पण तेव्हापासून रकान्यांची गोष्ट निघाली की माझे कान टवकारतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरचे कॉर्निश लोक जनगणनेच्या अर्जात आपल्यासाठी एक वेगळा चौकोन मागताहेत, हे वाचलं तेव्हा म्हणूनच थबकलो. २०२१ सालीही तो चौकोन त्यांना मिळाला नाही. तरी कॉर्नवॉलमधल्या सुमारे १४ टक्के लोकांनी मोकळ्या जागेत स्वतःहून 'कॉर्निश' असं लिहिलं.

कोण ही माणसं? नकाशात पाहा. कॉर्नवॉलला तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला टेमार नदी. नदीपलीकडे इंग्लंड, अलीकडे 'आम्ही'. यांची जुनी भाषा इंग्रजीची जवळची कुणी लागत नाही. वेल्श आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरची ब्रेतॉन या तिच्या बहिणी. १५४९ साली चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं, तेव्हा कॉर्नवॉलने बंड केलं. ते चिरडलं गेलं, माणसं हजारांनी मारली गेली आणि भाषा पश्चिमेकडे हटत हटत समुद्राला टेकली. मौझल या कोळ्यांच्या गावातली मासे विकणारी डॉली पेंट्रेथ १७७७ साली वारली. ही भाषा जन्मापासून बोलणारी शेवटची बाई म्हणून तिचंच नाव घेतात, जरी तिच्यामागेही ती थोडीफार जाणणारे होते असं म्हणणारे आहेत. शेजारच्या पॉल गावी चर्चच्या आवारात १८६० साली तिच्या स्मृतीचा दगड बसला. तो बसवण्यात पुढाकार होता नेपोलियनच्या घराण्यातल्या एका भाषावेड्या राजपुत्राचा!

भाषा गेल्यावर माणूस कशाला धरून राहतो? कवितेच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न झोप उडवणारा वाटतो. कॉर्निश माणसाने धरली ती खाण. कथील आणि तांबं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एके काळी जगाच्या तांब्याचा मोठा वाटा या चिमुकल्या भूमीतून निघे. खोल खाणीतलं पाणी उपसायची वाफेची इंजिनं त्यांनीच सुधारली.

पण हीच विद्या त्यांना घराबाहेर घेऊन गेली. १८२५ च्या सुमारास मेक्सिकोतल्या रेआल देल मोंते इथल्या चांदीच्या खाणींसाठी कॉर्निश माणसं गेली. अवजड यंत्रं किनाऱ्यावरून डोंगरात चढवताना पिवळ्या तापाने कित्येक दगावली. मग चिली, अमेरिका, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मून्टा. गंमत, खरं तर क्रूर गंमत, अशी की परदेशी खाणींत यांनीच काढलेलं स्वस्त तांबं बाजारात आलं आणि १८६६ च्या मंदीत घरच्या खाणी बुडाल्या. पुढे कथिलाचंही तेच झालं. मग तर रीघच लागली. एकोणिसाव्या शतकात अंदाजे अडीच लाख माणसं परदेशी गेली असं अभ्यासक सांगतात. आणि १८६१ साली साऱ्या कॉर्नवॉलची वस्ती पावणेचार लाखांच्या आत होती! जमिनीत भोक दिसलं की तळाशी कॉर्निश माणूस सापडणार, अशी म्हणच पडली. एकाला काम मिळालं की तो म्हणे, "माझा एक चुलतभाऊ आहे, जॅक, त्यालाही बोलवा." म्हणून यांचं नाव 'कझिन जॅक' पडलं, असं सांगतात.

मागे राहिलेल्या बायका नवरा जिवंत असून एकट्याने संसार ओढत, आफ्रिकेच्या टपालाची वाट पाहत. मनिऑर्डरीवर जगलेल्या आपल्या कोकणाला हे वेगळं समजावायला नको.

आपल्याकडेही ते आले होते. १८८० नंतर लंडनच्या जॉन टेलर कंपनीने कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवायला घेतल्या, तेव्हा देखरेखीला कॉर्निश 'कॅप्टन' होते. खाणीच्या मुकादमाला कॅप्टन म्हणायची रीत त्यांचीच. घाम मात्र मुख्यतः तमिळ आणि तेलुगू मजुरांचा, हेही सांगायला हवं. कॉर्नवॉलची साउथ क्रॉफ्टी ही शेवटची कथलाची खाण १९९८ साली बंद पडली, कोलार २००१ साली.

गेलेल्यांनी काय नेलं? पेस्टी नेली. आपल्या करंजीला घालतो तशी पण जाडजूड मुरड घातलेली, आत मांस, बटाटा, कांदा, सलगम. रेआल देल मोंतेत आजही ती 'पास्ते' नावाने विकली जाते, आत झणझणीत मिरची घालून. खाणीत राबलेल्या टॉमस मेरिटने रचलेली नाताळगीतं कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीत गायली गेली. मून्टाच्या परिसरात १९७३ पासून कॉर्निश उत्सव भरतो.

भाषेचंही नवल झालं. १९०४ साली हेन्री जेनर यांनी तिचं पाठ्यपुस्तक काढलं आणि मेलेली म्हणवणारी भाषा माणसं पुन्हा शिकू लागली. २००२ साली तिला सरकारी मान्यता मिळाली, २०१४ साली कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून. बोलणारे आजही मूठभर. पण रस्त्यांच्या पाट्यांवर ती इंग्रजीच्या जोडीला दिसते.

डॉलीचं मौझल आता पर्यटकांचं लाडकं आहे. तिथली बरीच घरं बाहेरच्या श्रीमंतांनी सुट्टीपुरती घेऊन ठेवली आहेत. हिवाळ्यात त्यांच्या खिडक्या अंधारात असतात. गावच्या पोरांना तिथलं भाडं परवडत नाही. ती टेमार ओलांडून नोकरी शोधायला जातात.